गर्भारपण आणि कंबरेचे दुखणे

रात्रपाळी संपवून कारखान्यातून परतणाऱ्या कामगारांच्या सायकली आणि स्कूटर सकाळी भिलाईच्या सेक्टर ६ मधील रस्त्यांवर दिसू लागतात. एखाद्या क्वार्टरची कडी वाजते आणि सातवा महिना लागलेली घरातील स्त्री दार उघडण्यासाठी अंथरुणावर कूस बदलू लागते. त्याच क्षणी कंबरेच्या खाली, एका बाजूच्या कुल्ल्याच्या वरच्या अंगाला, तीक्ष्ण कळ येते. क्षणभर श्वास रोखून ती तशीच पडून राहते, मग खाटेचा काठ धरून उठते आणि पहिली चारसहा पावले फरफटत टाकते. चहा होईपर्यंत चाल पुष्कळशी सुधारलेली असते. दुपारी शेजारणीने विचारले तर कंबर धरली आहे, एवढेच ती सांगते. आणि शेजारीणही स्वतःची दोन बाळंतपणे आठवून, या दिवसांत कंबर दुखायचीच, असे सहजपणे उत्तर देते.

हे उत्तर निम्मे खरे आहे. जगात जेथे जेथे याची मोजदाद झाली, तेथे गर्भवती स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्या स्त्रियांना कंबरेचे किंवा तिच्या खालील भागाचे दुखणे कधी ना कधी जाणवते, असे आढळून आले आहे. तेव्हा दुखणे सार्वत्रिक आहे, यात शंका नाही. परंतु सार्वत्रिक आहे म्हणून ते अटळ आहे, आणि अटळ आहे म्हणून त्यावर काहीही करण्याजोगे नाही, असा जो अर्थ या उत्तरातून निघतो, तो मात्र खरा नाही. कंबर दुखणे या एकाच शब्दप्रयोगाखाली निरनिराळी दुखणी एकत्र बांधली जातात. त्यांतील काही घरच्या घरी, केवळ उठण्याबसण्याची रीत बदलल्याने हलकी होतात. आणि काही अशी असतात की त्यांच्यासाठी त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे. त्यांना एकमेकांपासून वेगळे ओळखणे, हाच या विषयाचा गाभा होय.

भिलाईसारख्या वसाहतीत हे ओळखण्याचा भार बहुतेक वेळा त्या स्त्रीवर एकटीवर पडतो. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि दुर्ग जिल्ह्यातील या माळरानावर सेक्टरांमध्ये आखलेले एक नवे नगर उभे राहिले. मराठी माणसाला हा मुलूख अगदीच परका नव्हता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत दुर्ग हे नागपूर राजधानी असलेल्या राज्यातच होते, आणि नागपूरहून हावड्याकडे जाणारा लोहमार्ग या भागातूनच जातो. विदर्भातून आलेली कुटुंबे तेलुगू, बंगाली, मल्याळी, पंजाबी आणि छत्तीसगडी शेजाऱ्यांच्या सोबतीने येथे स्थिरावली. पण क्वार्टर हे मुख्यतः दोघांचे आणि मुलांचे घर. सासूबाई वर्ध्याकडील गावी, आई नागपुरास, नवरा पाळीवर. जुन्या वाड्यातील सुनेला विश्रांती मिळत असे, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल; विहिरीचे पाणी बहुधा तिलाच ओढावे लागे. फरक इतकाच की तिची चाल पाहून, हे नेहमीचे दुखणे नव्हे, असे म्हणणारी एखादी अनुभवी बाई त्या वाड्यात असे. क्वार्टरमध्ये ती नसते.

कंबरेखालच्या हाडांची रचना प्रथम समजून घेतली पाहिजे. श्रोणी म्हणजे कंबरेखालचे हाडांचे एक भक्कम कडे. त्याच्या दोन बाजूंना पंख्यासारखी पसरलेली दोन मोठी हाडे असतात. पुढे, ओटीपोटाच्या खालच्या टोकाशी, ही दोन हाडे कूर्चेच्या एका लहानशा गादीने जोडलेली असतात. या सांध्याला जघनसंधी म्हणतात. मागे, त्या दोहोंच्या मध्ये, पाचरीच्या आकाराचे त्रिकास्थी बसवलेले असते. त्रिकास्थीवर पाठीचा कणा उभा असतो. म्हणजे धडाचा सारा भार कण्यातून त्रिकास्थीवर येतो, तेथून तो डावीउजवीकडील दोन सांध्यांतून पसरतो आणि मांड्यांच्या हाडांवाटे पायांत उतरतो. दगडी कमानीच्या माथ्यावरील कळीचा दगड जसा दोन्ही बाजूंच्या दगडांत रुतून बसतो, तसेच हे त्रिकास्थी दोन्ही हाडांत रुतून बसलेले असते. त्याच्या दोन्ही बाजूंचे सांधे खडबडीत पृष्ठभागांचे असतात आणि शरीरातील अत्यंत बळकट अस्थिबंधांनी ते आवळलेले असतात. त्यांत हालचाल होते, पण ती अगदी थोडी: एखाददुसरा अंश, एखाददुसरा मिलिमीटर.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. हे कडे केवळ हाडांच्या आकाराने स्थिर राहत नाही. पोटाचे आडवे स्नायू, कुल्ल्यांचे स्नायू, पाठीचे खोल स्नायू आणि श्रोणीच्या तळाशी झोळीसारखे ताणलेले स्नायू त्याला सतत आवळून धरतात. भिलाईच्या कारखान्यात रेल्वेचे रूळ तयार होतात. तेथील वाचकाला हे एका उदाहरणाने चटकन पटेल. दोन रूळ जोडणाऱ्या पट्ट्यांचे बोल्ट सैल झाले म्हणजे रुळाचे पोलाद काही दुबळे होत नाही. परंतु प्रत्येक चाकागणिक तो जोड खडखडतो आणि आघात सोसतो. गर्भारपणात श्रोणीच्या सांध्यांचे असेच काहीसे होते. हाड मोडत नाही, झिजत नाही. जोड किंचित सैलावतो आणि त्याला आवळून धरणाऱ्या स्नायूंवर अधिक काम येऊन पडते.

हा सैलपणा कशामुळे येतो, याचा शोध गिनीपिग नावाच्या लहानशा प्राण्यापासून सुरू झाला. या प्राण्याची पिले जन्मतःच इतकी मोठी असतात की मादीचा जघनसंधी प्रसूतीपूर्वी पुष्कळसा विलग झाल्यावाचून ती बाहेर येऊच शकत नाहीत. फ्रेडरिक हिसॉ या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने १९२६ साली असे दाखवून दिले, की गाभण प्राण्याच्या रक्तातील द्रव गाभण नसलेल्या मादीला टोचल्यास तिचाही जघनसंधी सैल होतो. रक्तातील या पदार्थाला पुढे रिलॅक्सिन हे नाव मिळाले. मानवी स्त्रीच्या शरीरातही हे संप्रेरक गर्भधारणेनंतर लवकरच वाढते, आणि म्हणून पुष्कळ काळ सगळा दोष त्याच्याच माथी मारला जात असे. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. रक्तातील रिलॅक्सिनचे प्रमाण आणि दुखण्याची तीव्रता यांचा निश्चित मेळ नंतरच्या अभ्यासांत बसला नाही. स्त्रीच्या जघनसंधीतील फट एरवी चारपाच मिलिमीटरची असते आणि गर्भारपणात ती दोनतीन मिलिमीटरांनी वाढते. ही वाढ बहुतेक सर्व स्त्रियांत होते, दुखणे मात्र सर्वांना होत नाही. म्हणजे सांधा किती सैलावला यापेक्षा, दोन्ही बाजू सारख्या सैलावल्या की नाही, आणि तो सैलपणा स्नायूंनी कितपत सावरला, यावर बरेच अवलंबून असावे, असे आज मानले जाते. स्नायूंना बळ देता येते, संप्रेरकांना आवर घालता येत नाही. त्या दृष्टीने पाहिल्यास हा निष्कर्ष दिलासा देणाराच आहे.

याला जोडून दुसरी घटना घडते. गर्भ, गर्भजल, वार आणि स्त्रीच्या शरीरात वाढलेले रक्त व मेद मिळून दहाबारा किलोग्रॅम वजन वाढते, आणि त्यातील मोठा भाग शरीराच्या पुढच्या बाजूस असतो. चार पायांच्या प्राण्यात हा भार पोटाखाली लोंबतो. दोन पायांवर चालणाऱ्या मानवी स्त्रीचा तोल मात्र त्यामुळे पुढे जातो, आणि तो सावरण्यासाठी ती खांदे मागे टाकून कंबरेचा बाक वाढवते. गर्भवतीच्या चालीतला जो डौल कवींना दिसतो, तो खरे पाहता तोल सावरण्याचा खटाटोप असतो. १९६० किंवा १९७० च्या दशकात हा निसर्गाचा दोष म्हणून सांगितला जाई. परंतु २००७ साली कॅथरीन व्हिटकम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले, की स्त्रीच्या कंबरेतील तीन मणके पाचरीसारखे घडलेले असतात, तर पुरुषाचे दोनच. त्यामुळे स्त्रीला हा बाक अधिक मणक्यांवर वाटून घेता येतो. लाखो वर्षांपूर्वीच्या मानवपूर्वजांच्या अवशेषांतही त्यांना हा भेद आढळला. याचा अर्थ असा की स्त्रीचा कणा या भारासाठी घडलेला आहे. तो दुखतो, पण त्यामुळे मोडत नाही; आणि कंबर दुखली म्हणून पोटातील बाळाला इजा होत नाही.

आता या दुखण्यांतील मुख्य भेद पाहू. पहिले दुखणे खऱ्या अर्थाने कंबरेचे. ते साडीच्या निऱ्या खोचतो त्या पातळीला किंवा तिच्या थोडे वर, कण्याच्या दोन्ही बाजूंना, भरून आल्यासारखे जाणवते. पुढे वाकल्याने, बराच वेळ ओट्यापाशी उभे राहिल्याने ते वाढते. आडवे पडल्यावर उतरते. ज्यांना गर्भारपणापूर्वीही पाठीचा त्रास होता, त्यांना ते बहुधा परिचयाचेच असते. दुसरे दुखणे श्रोणीच्या कड्याचे. याची निश्चित व्याख्या युरोपातील तज्ज्ञांनी २००८ साली प्रसिद्ध केली: श्रोणीच्या हाडाची मागची वरची कड आणि कुल्ल्याखालची घडी यांच्या मधल्या भागात, विशेषतः त्रिकास्थीच्या बाजूच्या सांध्यांपाशी होणारे दुखणे, ते कधी मांडीच्या मागच्या बाजूस पसरते, तर कधी पुढे जघनसंधीतही जाणवते. दर पाच गर्भवतींपैकी साधारण एकीला हे होते. याचे लक्षण असे की ते वाकण्याने तितके वाढत नाही, जितके एका पायावर भार घेण्याने आणि मांड्या फाकवण्याने वाढते. कूस बदलणे, जिना चढणे, परकराचे नाडे बांधताना एका पायावर उभे राहणे, रिक्षात पाय टाकणे, ही सगळी त्याची निमित्ते होत. सेक्टर ६ मधील ती स्त्री पहाटे ज्याने कळवळते, ते हेच दुसरे दुखणे. पायात उतरणारी प्रत्येक कळ म्हणजे ‘सायटिका’ असे पुष्कळांना वाटते. परंतु मणक्यातील शीर दाबली जाऊन गुडघ्याखाली पोटरीपर्यंत जाणारी खरी सायटिका गर्भारपणात क्वचितच आढळते.

हा भेद तपासण्याची एक अतिशय सोपी रीत आहे. स्त्रीला उताणे निजवून, गुडघा न वाकवता एक पाय वीतभर उचलावयास सांगतात. श्रोणीचे कडे सैल असेल तर पाय शिसे भरल्यासारखा जड वाटतो किंवा मुळीच उचलत नाही. मग तपासणारी व्यक्ती दोन्ही बाजूंनी कुल्ल्याची हाडे तळहातांनी आत दाबून धरते आणि पुन्हा पाय उचलावयास सांगते. या वेळी तोच पाय हलका होतो. स्त्रीला आपला पाय अधू झाला आहे अशी भीती वाटत असते. दाबाने तो हलका झालेला पाहिला म्हणजे दोष पायात नसून त्याला आधार देणाऱ्या कड्याच्या आवळणीत आहे, हे तिला स्वतःलाच कळते. दिवस भरत आलेल्या स्त्रीला फार वेळ उताणे ठेवू नये, एवढी काळजी मात्र घ्यावयास हवी. गर्भाशयाच्या भाराने मोठी रक्तवाहिनी दबून तिला घेरी येऊ शकते.

एकदा हे ध्यानात आले की घरातील कामांकडे वेगळ्या दृष्टीने पाहता येते. कामे बंद करावयाची नाहीत. दिवसचे दिवस अंथरुणावर पडून राहणे हा या दुखण्यावरील उपाय नव्हे. त्याने स्नायू अधिकच दुबळे होतात आणि रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोकाही वाढतो. बदलावयाची आहे ती कामाची रीत, आणि तिचे सूत्र एकच: दोन्ही पायांवर सारखा भार आणि गुडघे शक्यतो एकमेकांजवळ. कूस बदलताना आधी दोन्ही गुडघे वाकवून एकत्र मिटावेत, त्यांच्यामध्ये उशी दाबून धरावी आणि खांदे, कंबर, गुडघे एकाच वेळी फिरवावेत. उठताना कुशीवर येऊन दोन्ही पाय खाटेखाली सोडावेत आणि हातांच्या रेट्याने बसते व्हावे. झोपताना कुशीवर, शक्यतो डाव्या, गुडघ्यांपासून घोट्यांपर्यंत आधार देणारी उशी वा घडी केलेली गोधडी असावी. निव्वळ गुडघ्यांत उशी ठेवली आणि पाऊल खाली लोंबत राहिले तर त्रिकास्थीच्या सांध्यावर पीळ पडतोच. जमिनीवरच्या गादीपेक्षा खाट बरी, कारण त्रास निजण्यात नसून जमिनीवरून उठण्यात असतो.

साडी नेसावी ती बसून. पाण्याने भरलेली मोठी बादली एका हाताने न्हाणीघरातून अंगणात नेण्याऐवजी दोन लहान बादल्या दोन्ही हातांत घ्याव्यात, किंवा फेऱ्या वाढवाव्यात. सुपेल्याच्या बाजारातून आणलेल्या भाजीच्या पिशवीलाही हेच लागू. वरच्या मजल्यावर क्वार्टर असेल तर दिवसातून जितक्या वेळा जिना टाळता येईल तितका टाळावा, आणि त्रास अधिक असेल त्या दिवशी लहान मुलाप्रमाणे प्रत्येक पायरीवर दोन्ही पावले टेकवून चढावे: चढताना न दुखणारा पाय आधी, उतरताना दुखणारा. स्कूटरच्या मागे साडी नेसून एका बाजूस पाय सोडून बसणे हा तर श्रोणीला पिळून काढणारा प्रकार आहे. कंबर एकीकडे, तोंड दुसरीकडे आणि रस्त्यातील प्रत्येक खड्ड्याचा धक्का एकाच सांध्यावर. या दुखण्याच्या दिवसांत त्यापेक्षा रिक्षा बरी, आणि तीत बसताना आधी बूड टेकून मग दोन्ही पाय एकदम आत घ्यावेत.

फरशी पुसण्याविषयी मतभेद आहेत, आणि ते घराघरांत ऐकू येतात. सातव्या महिन्यानंतर बसून फरशी पुसली की बाळंतपण सुलभ होते, असे जुन्या बायका सांगतात. यात दोन निराळ्या स्थिती एकत्र झाल्या आहेत. हातागुडघ्यांवर ओणवे होणे ही कंबरेला खरोखरच सुखावणारी स्थिती आहे. पोटाचा भार कण्यावरून उतरतो आणि पुष्कळशा स्त्रियांना तीत लगेच आराम वाटतो. परंतु उकिडवे बसून, मांड्या फाकवून, एक पाय पुढे सरकवत आणि एका हाताने जोर देत बेडकासारखे सरकणे ही वेगळी गोष्ट. ज्यांना काही दुखत नाही त्यांनी ती खुशाल करावी. ज्यांचा जघनसंधी दुखतो त्यांच्या बाबतीत मात्र ती जखमेवर मीठ चोळण्यासारखी ठरते. अशा स्त्रीने लांब दांड्याचा पोछा वापरला म्हणून तिचे बाळंतपण अवघड होईल, असे मानण्यास आधार नाही.

योगासनांबाबतही हाच विवेक हवा. पुण्याच्या गीता अय्यंगार यांनी १९८३ साली स्त्रियांसाठी लिहिलेल्या इंग्रजी योगग्रंथामुळे गर्भारपणातील आसनांकडे सुशिक्षित वर्गाचे लक्ष वेधले गेले, आणि भिंतीच्या, खुर्चीच्या, उशीच्या आधाराने आसने करण्याची त्यांच्या परंपरेतील रीत गर्भवतीला सोयीची आहे. बद्धकोनासनाची शिफारस गर्भवतींना सर्रास केली जाते. ज्या स्त्रीची निव्वळ कंबर भरून येते तिला ते मानवते. जिचा पुढचा सांधा दुखतो तिने गुडघे दुखेल इतके फाकवू नयेत. व्यायाम कोणता, हे दुखणे कोणते यावरून ठरते. सामान्यतः उपयोगी पडणारे व्यायाम साधे आहेत. ओणवे होऊन श्वास सोडताना बेंबीखालचे पोट हळूच आत ओढणे आणि पाठ समतल ठेवणे. भिंतीला पाठ टेकून कंबरेची पोकळी भिंतीकडे दाबणे. लघवी रोखावी तसे श्रोणीच्या तळाचे स्नायू आवळून काही क्षण धरणे. दिवसातून थोडे थोडे, पण रोज. स्वीडनमधील गोटेबर्ग येथे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तुलनात्मक अभ्यासात, नेहमीच्या उपचारांना अशा स्थैर्य देणाऱ्या व्यायामांची किंवा ॲक्युपंक्चरची जोड मिळालेल्या गर्भवतींचे श्रोणीचे दुखणे, ती जोड न मिळालेल्या स्त्रियांपेक्षा अधिक कमी झाल्याचे दिसून आले. चालणे चांगले, परंतु आखूड पावलांनी. आणि ज्या अंतरानंतर रात्री ठणका लागतो, त्याच्या अलीकडे थांबावे. या दुखण्याची खोड अशी की त्याची शिक्षा बहुधा त्याच क्षणी न मिळता त्याच रात्री मिळते.

पट्टा बांधावा काय, असे विचारले जाते. बांधावा, पण योग्य जागी. बाजारात मिळणारा रुंद पट्टा पुष्कळ जणी कंबरेवर, पोटाच्या मध्यावर आवळतात. श्रोणीच्या दुखण्यासाठी तो अरुंद आणि बराच खाली, मांडीच्या हाडाचा जो उंचवटा कुल्ल्याच्या बाजूस हाताला लागतो त्याच्या किंचित वर, पोटाच्या खालून गेला पाहिजे. तपासणीच्या वेळी तळहातांनी जो दाब दिला जातो, तेच काम हा पट्टा करतो. तो चालताना बांधावा, झोपताना सोडावा.

औषधांबद्दल थोडक्यात. गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून पाठीला लावण्यास हरकत नाही, पोटावर मात्र ठेवू नये. वेदनाशामक घ्यावेच लागले तर डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल, जरुरीपुरते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या नवऱ्याच्या गुडघ्यासाठी घरात आणलेल्या असतात आणि त्याच हाताशी लागतात. गर्भारपणात, विशेषतः विसाव्या आठवड्यानंतर, त्या बाळाच्या मूत्रपिंडांना व गर्भजलाला आणि शेवटच्या महिन्यांत त्याच्या हृदयाजवळील रक्तवाहिनीला बाधक ठरू शकतात. त्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नयेत.

आतापर्यंत वर्णन केलेले दुखणे त्रासदायक असले तरी निर्धोक आहे. जे निर्धोक नाही, त्याची चिन्हे वेगळी असतात. थंडी वाजून ताप, लघवीला जळजळ आणि बरगड्यांच्या खाली एका कुशीत ठणका, हे मूत्रपिंडाच्या जंतुसंसर्गाचे लक्षण होय. दिवस भरण्यापूर्वी, सदतिसाव्या आठवड्याच्या आधी, कंबरेत लाटेसारखी ठराविक अंतराने येणारी आणि पोट कडक करून जाणारी कळ ही कंबरदुखी नसून अकाली प्रसूतीची सुरुवात असू शकते. तिच्यासोबत अंगावरून पाणी वा रक्त गेले तर क्षणाचाही विलंब नको. पायांतील बळ जाणे, जांघेत व गुदाभोवती बधिरता येणे, लघवी अडणे, ही कण्यातील नसांवर दाब पडल्याची खूण असते. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली तर शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते.

छत्तीसगड आणि विदर्भ येथील वाचकांनी आणखी एका आजाराचे नाव मनात ठेवले पाहिजे, ते म्हणजे सिकलसेल. तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या करणारा हा आनुवंशिक विकार या दोन्ही प्रदेशांत मोठ्या प्रमाणावर आढळतो. २०२३ च्या जुलैमध्ये मध्य प्रदेशातील शहडोल येथून त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. या विकारात पेशी अडकून हाडांचा रक्तपुरवठा तुटतो आणि पाठ, कुल्ले, मांड्या यांत असह्य वेदना उठतात. गर्भारपण, पाण्याची कमतरता आणि जंतुसंसर्ग यांनी हे झटके वाढतात, आणि मे महिन्यातील भिलाईच्या उन्हाळ्यात शरीरातील पाणी कमी पडण्यास वेळ लागत नाही. ज्या स्त्रीला हा विकार आहे, तिच्या अचानक उठलेल्या कंबरदुखीला, या दिवसांत दुखायचेच, असे उत्तर देणे तिच्या जिवावर बेतू शकते. ती सिकलसेलची रुग्ण आहे की केवळ वाहक, हे रक्ताच्या तपासणीने कळते. ती तपासणी गर्भारपणाच्या आरंभीच व्हावी. दर महिन्याच्या ९ तारखेला शासकीय आरोग्यकेंद्रांत होणारी, २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची विनामूल्य तपासणी ही याविषयी विचारण्याची चांगली संधी आहे.

हाडे मऊ होण्याचा विकार आज पूर्वीइतका तीव्र स्वरूपात दिसत नसला तरी तो नाहीसा झालेला नाही. हचिसन आणि शाह या दोन वैद्यकांनी नाशिक येथे केलेला अभ्यास १९२२ साली प्रसिद्ध झाला. पडदा पाळणाऱ्या, तुलनेने सुस्थितीतील कुटुंबांत मुडदूस आणि अस्थिमृदुता त्यांना आढळली. उलट निकृष्ट अन्नावर पण उघड्यावर राबणाऱ्या गरीब घरांत ती विरळ होती. फरक अन्नाचा नव्हता, उन्हाचा होता. सूर्यप्रकाशाने त्वचेत तयार होणाऱ्या ड जीवनसत्त्वाचा अभाव गर्भवतीच्या श्रोणीच्या हाडांना भोवतो: हाडे दाबली असता दुखतात, जांघेत ठणका लागतो, चाल बदकासारखी होते. आज पडद्याची चाल पुष्कळ ठिकाणी नाही, पण दिवसभर छपराखाली राहणारी स्त्री पडद्याशिवायही उन्हाला पारखी होते. व्यायामाने न हटणाऱ्या दुखण्यात याचा विचार व्हावा.

पहिल्या बाळंतपणासाठी भिलाईची पुष्कळशी मराठी लेक नागपूरला माहेरी जाते. दुर्ग ते नागपूर हा सुमारे २६५ किलोमीटरांचा प्रवास आगगाडीने करणे मोटारीपेक्षा चांगले, कारण गाडीत उठून फिरता येते. खालचे शायिकासन गर्भवतींसाठी राखीव कोट्यातून मागता येते. जाताना तपासणीचे कागद सोबत असावेत, आणि तेथील डॉक्टरांना व परिचारिकेला आपले श्रोणीचे दुखणे आधीच सांगून ठेवावे. गुडघे न दुखता किती फाकतात, याचे माप तिने अगोदर घेऊन ठेवावे. कळा सुरू असताना कोणी उत्साहाने पाय ओढून धरले तर सैलावलेल्या सांध्याला इजा होऊ शकते. कुशीवर निजून किंवा ओणवे होऊन प्रसूती होऊ शकते. केवळ या दुखण्यासाठी शस्त्रक्रिया करून मूल काढण्याची आवश्यकता बहुधा पडत नाही.

प्रसूतीनंतर बहुतेक स्त्रियांचे दुखणे आपोआप ओसरू लागते आणि तीनेक महिन्यांत नाहीसे होते. सव्वा महिन्याचा शेकशेगडीचा आणि मालिशीचा काळ स्नायूंना सुखद असतो; फक्त मालिश करणाऱ्या बाईने मांड्या जोराने बाहेर ताणू नयेत, आणि सासूबाईंनी किंवा आईने हे तिला सांगण्यास संकोच करू नये. थोड्या स्त्रियांत दुखणे रेंगाळते. त्यांनी व्यायामोपचार करणाऱ्या तज्ज्ञाकडे जावे. सहाव्यासातव्या महिन्यात बाळ मान आणि पाठ सावरू लागले, की त्याला कडेवर घेण्याची सवय सुरू होते, आणि बहुतेक स्त्रियांचे मूल एकाच, ठराविक कुल्ल्यावर बसलेले असते. जिचा डावा सांधा दुखत होता तिने त्या दिवसांत बाळाला आलटूनपालटून दोन्ही कडांवर, किंवा त्याहून बरे म्हणजे छातीशी, मध्यभागी घ्यावे.